तुम्ही विचारलंत म्हणून: एका स्टुलापुरतं लाकूड

घरी कोणी आलं आणि दाराजवळचं मी केलेलं बुटकं स्टूल किंवा ओट्यावरचा मिसळणाचा डबा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला, की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. लाकूड कुठून आणता? आणि लगेच दुसरा, परवडतं कसं? गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या मुलाने हेच विचारलं. करवत, पटाशी, रंधा सगळं घेऊन बसला होता, पण सागाचा घनफुटाचा भाव ऐकून वखारीतून हात हलवत परत आला होता. त्याला सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या घनफुटाची भीती घालवू. एक घनफूट म्हणजे 1728 घन इंच. आता माझं स्टूल मोजा. बैठक 15 इंच बाय 12 इंच, जाडी एक इंच, म्हणजे 180. दीड इंच चौरस आणि 16 इंच उंचीचे चार पाय, म्हणजे 144. मधल्या चार पट्ट्या 11 इंच लांब, दोन इंच रुंद, एक इंच जाड, म्हणजे 88. सगळं मिळून 412 घन इंच, पाव घनफुटापेक्षाही थोडं कमी. छाटणी आणि रंध्यात जाणारा भुसा धरला तरी एक तृतीयांश घनफुटात काम होतं. म्हणजे ज्या आकड्याला तो मुलगा घाबरला, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं लाकूड त्याला हवं होतं.

अडचण निराळीच आहे. एक तृतीयांश घनफूट लाकूड कोणी कापून देत नाही. वखारवाल्याचा धंदा चौकटींचा आणि दारांचा. आपल्यासाठी आरा मशीन चालू करणं त्याला परवडत नाही आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून मी अख्खं लाकूड मागतच नाही. मी मागच्या ढिगाकडे जाते.

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये बऱ्याच वखारींत मशीनच्या मागे किंवा भिंतीच्या कडेला असा ढीग असतो. चौकटी कापून उरलेली टोकं, एका बाजूला साल राहिलेल्या फळ्या, चिरताना वाकडे गेलेले तुकडे. यातलं पुष्कळसं पुढे जळणात जातं. मी दुपारी जाते, गिऱ्हाईक कमी असताना, आणि मापांची चिठ्ठी पुढे करते. "शेठ, दोन फुटांच्या आतलं चालेल. मागचं बघू का?" पहिल्यांदा गेले तेव्हा "ताई, किती फूट पाहिजे?" हा एकच प्रश्न तीनदा ऐकला. आता नुसती मान हलते. कुठे तुकडे किलोवर मिळतात, कुठे अंदाजाने एक रक्कम सांगतात. ठरलेल्या मापाच्या नव्या फळीपेक्षा ते नेहमीच खूप स्वस्त पडलेत.

आणि एक सवय सोडा. सागच हवा, हा हट्ट. बाजारात 'सीपी साग' म्हणतात तो नागपूर-चंद्रपूरकडचा. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत. ते नाव 1950 मध्ये संपलं, वखारीत मात्र अजून जिवंत आहे. लाकूड उत्तमच, पण बल्लारशाच्या सरकारी आगारात ते लॉटने लिलावात निघतं, आपल्यापर्यंत येईतो त्यावर किती हात फिरलेले असतात. लहान कामाला आपल्याकडची कितीतरी लाकडं आहेत, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही. बाभूळ बघा. बैलगाडीची चाकं आणि अवजारांचे दांडे ज्याचे व्हायचे ते लाकूड स्टुलाचे पाय होऊन काय दमणार आहे? रंध्याला जड जाते, पातं वारंवार परजावं लागतं, पण एकदा गुळगुळीत झाली की तांबूस रंग असा उघडतो की तेल लावताना हात थांबतो. शिवण हलकी, कापायला मऊ आणि नीट वाळलेली असली तर फारशी वाकत नाही. डब्याच्या झाकणाला मी तीच वापरते. कोकणात जाणं होत असेल तर फणस शोधा, त्याचा पिवळा रंग वर्षागणिक गडद होत जातो. आंबा सगळ्यात स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते, कीडनाशक लावल्याशिवाय घरात घेऊ नका.

जुना साग हवाच असेल तर तो पाडलेल्या वाड्यांचा घ्या. पेठांमधले वाडे उतरवले की तुळया, चौकटी, जिन्याच्या पायऱ्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात. वरून काळं, धुराने माखलेलं, कुणालाही टाकाऊ वाटेल असं. माझ्याकडे एका चौकटीचा हातभर तुकडा होता. वरचा काळा थर रंध्याने काढला आणि तिसऱ्या-चौथ्या हाताला आतून मधासारखा रंग वर आला, खोलीभर तो जुन्या चामड्यासारखा वास. मी तशीच उभी राहिले. आणि पुढच्याच हाताला खट्कन आवाज. आत मोडलेला खिळा होता, पात्याला भली मोठी खाच पडली. तेव्हापासून पिशवीत लोहचुंबक असतं. जुना तुकडा विकत घ्यायच्या आधी चारही बाजूंनी त्यावर फिरवते.

प्लायवूडचा धडा मी पैसे मोजून शिकले. पुस्तकांच्या कप्प्यांसाठी एका दुकानातून 'वॉटरप्रूफ आहे' एवढ्या शब्दावर पूर्ण शीट घेतलं. कापलं तेव्हा मधल्या थरात बोट जाईल एवढी पोकळी निघाली आणि दुसऱ्या पावसाळ्यात कडा फुगून थर सुटले. आता शिक्का स्वतः वाचते. आयएसआय चिन्हापाशी आयएस 303 असेल तर तो सर्वसाधारण वापराचा, 710 असेल तर मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा. घरातल्या कोरड्या जागी ठेवायच्या वस्तूला मरीनवर पैसे घालवायची गरज नाही. 303 मध्येही एमआर म्हणजे जेमतेम दमटपणा सोसणारा, बीडब्ल्यूआर त्याहून टिकाऊ. शिक्क्यानंतर कड बघायची. थर सरळ आणि सलग हवेत, मध्ये काळ्या फटी नकोत. मग नाण्याने सगळीकडे ठोकत जायचं, पोकळ जागी आवाज लगेच बदलतो. गर्जन या कठीण लाकडाचा प्लाय महाग का, असंही विचारतात. हे लाकूड म्यानमारकडून यायचं. म्यानमारने एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्याचा त्यात मोठा वाटा आहे. आपल्याला पॉप्लर किंवा निलगिरीचा चांगला दाबलेला प्लाय पुरतो.

पण अख्खं शीट म्हणजे आठ बाय चार, 32 चौरस फूट. एका डब्याला तीन चौरस फूट पुरतात. म्हणून आमच्या सोसायटीत कुठे फर्निचरचं काम निघालं की मी मिस्त्रींना भेटते. "काका, उरलेले तुकडे फेकू नका, मी घेऊन जाईन." हे काम संपताना नाही, सुरू होताना सांगायचं, म्हणजे ते तुकडे बाजूला ठेवतात. घरमालकाला विचारायचं, मिस्त्रींना त्यांच्या वेळेचे पैसे द्यायचे. 18 मिलीमीटर जाडीचे, वर सुंदर विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, असलेले दीड-दोन फुटांचे तुकडे मला असेच मिळालेत.

चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांतून येणारी पॅकिंगची पाइन लाकडंही स्वस्त. फक्त शिक्का बघा. एचटी असेल तर लाकूड तापवून त्यातली कीड मारलेली, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते आणू नका.

आणलेलं लाकूड त्याच दिवशी कापू नका, एवढं मात्र ऐका. कुठलं, किती वाळलेलं, काही ठाऊक नसतं. घरच्या हवेत काही आठवडे आडवं ठेवा, खाली पट्ट्या देऊन, वारा सगळीकडून लागेल असं. मी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने आणल्याची तारीख घालते. सध्या पलंगाखाली शिसवाचा एक तुकडा आहे, जळणाच्या ढिगातून निघालेला, जेमतेम वीतभर रुंद. त्यावर 14 जून लिहिलंय. दिवाळीपर्यंत त्याला करवत लावणार नाही.