बाथरूममध्ये गॅस गीझर बसवला तर चालेल का?

तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते. कारखान्यांतील बॉयलर आणि भट्ट्यांचे ज्वलन तपासणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कोणाच्या घराचे काम निघाले, की टाइल्स आणि नळ निवडून झाल्यावर हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो : पाइपचा गॅस घरात आलाच आहे, विजेचे बिल परवडत नाही, तर बाथरूममध्ये गॅस गीझर बसवला तर चालेल का? गॅस गीझर जरूर बसवा, पण बाथरूमच्या आत बसवू नका, हेच माझे उत्तर असते. यंत्र बाहेर आणि गरम पाण्याचा नळ आत, एवढी एक गोष्ट पाळली तर बाकीची काळजी बरीच हलकी होते. ती पाळली नाही, तर बाकी कितीही काळजी घेतली तरी ती अपुरी पडते.

यामागचे कारण गॅसगळती नव्हे, आणि बहुतेकांचा गैरसमज नेमका इथेच होतो. गळतीची भीती सर्वांना असते. गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या उग्र वासामुळे ती लक्षातही येते. गीझरचा धोका मात्र गॅस व्यवस्थित पेटल्यानंतर सुरू होतो. त्या वेळी वास देणारे द्रव्यही गॅसबरोबर जळून गेलेले असते, त्यामुळे नाकाला काहीही कळत नाही.

आकडे मांडले की हे स्पष्ट होते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे, तर साडेदहा किलोवॉट उष्णता पाण्यात जावी लागते. वाया जाणारी उष्णता धरली तर गीझरमध्ये सुमारे १२ किलोवॉटचा गॅस जळत असतो. स्वयंपाकाच्या शेगडीचा एक बर्नर साधारण दोन ते तीन किलोवॉटचा असतो. म्हणजे चार-पाच बर्नर एकदम पूर्ण पेटवून, दार लावून, त्यांच्याशेजारी आपण अंघोळ करतो. एवढा गॅस जळण्यासाठी दर मिनिटाला सुमारे २०० लिटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. आपल्याकडची नेहमीची चार बाय सहा फुटांची, नऊ फूट उंचीची बाथरूम घेतली, तर तिच्यात सुमारे ६,००० लिटर हवा मावते. बाहेरची हवा आत आलीच नाही, तर पाच मिनिटांत २१ टक्क्यांवरचा ऑक्सिजन साडेसतरा टक्क्यांच्या आसपास येतो. फटींतून थोडीफार हवा येत असते, हे खरे. पण साधा शॉवर पाच मिनिटांत संपत नाही, आणि थंडीच्या दिवसांत आपण त्याच फटी बंद करून ठेवतो.

ऑक्सिजन कमी झाला तरी ज्योत लगेच विझत नाही. ती अर्धवट जळू लागते, आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे या वायूला धरून ठेवते. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तातली ऑक्सिजनची जागा तो व्यापत जातो. प्रथम डोके जड होते, मग मळमळते, पायांतली शक्ती जाते. धोका लक्षात येईपर्यंत कडी काढायला हात उचलत नाही. काहींना बाथरूममध्येच झटका येतो आणि पुढे फेफरे समजून उपचार सुरू होतात. आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे.

यावर लोक यंत्रातल्या सुरक्षेचा दाखला देतात. ज्योत विझली तर गॅस बंद होतो, असे विक्रेता सांगतो, आणि ते खरेच असते. पण ती सोय न जळलेला गॅस बाहेर पडू नये यासाठी आहे. जळणाऱ्या ज्योतीतून काय बाहेर पडते याच्याशी तिचा संबंध नाही. अनेक गीझर २० मिनिटांनी आपोआप बंद होतात, तेही खरे. मात्र वरचा हिशेब पाहिला तर बंद बाथरूममध्ये २० मिनिटे हा फार मोठा काळ आहे.

एक्झॉस्ट फॅनविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण सर्वांत जास्त भरवसा लोक त्याच्यावरच ठेवतात. आमच्याच विंगमधल्या एका वहिनींकडे धूर बाहेर नेणारा पाइप असलेला गीझर होता. तो पाइप भिंतीतून डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या उभ्या मोकळ्या पोकळीत, सोडलेला होता आणि शेजारी एक्झॉस्ट फॅनही होता. “ताई, पाइप आहे, पंखा आहे, मग हवा बाहेरच जाणार की,” असे त्या म्हणाल्या. साबणाच्या पाण्याने सांधे तपासून गळती नसल्याची खात्री केल्यावर आम्ही गीझर सुरू केला आणि धुराचा पाइप जिथे सुरू होतो तिथल्या उघड्या कडेपाशी मी एक पेटती अगरबत्ती धरली. पंखा बंद असताना अगरबत्तीचा धूर सरळ पाइपकडे ओढला जात होता. मग दार लावून पंखा सुरू केला. धूर क्षणभर घुटमळला आणि उलट फिरून आमच्याच अंगावर येऊ लागला. कारण दाराखालीच होते. झुरळे येऊ नयेत म्हणून तिथे रबरी पट्टी ठोकलेली होती. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी आत यायला वाट हवी. दुसरी वाट नसल्यामुळे ती धुराच्या पाइपातूनच आत येत होती आणि येताना ज्वलनाचे वायू बरोबर आणत होती. म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेला पंखाच तिथे उलटे काम करत होता. आम्ही लगेच गीझर बंद केला, आणि पुढे तो ड्राय बाल्कनीत, म्हणजे धुण्याभांड्यांच्या छोट्या गॅलरीत, हलवला गेला.

डक्टकडेही असेच डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. मुंबईतल्या बहुतेक इमारतींत बाथरूमची खिडकी रस्त्याकडे नसते. ती अरुंद डक्टमध्ये उघडते. त्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्याचे ड्रेनेजचे पाइप असतात आणि कबुतरांचा मुक्काम असतो. धुराच्या पाइपाचे तोंड त्यांना घरट्यासाठी सोयीचे वाटते, आणि काड्यांनी बुजलेला पाइप खालून दिसत नाही. काही ठिकाणी पाऊस येऊ नये म्हणून गच्चीवर डक्टच्या तोंडाशी पत्रा टाकलेला असतो. तसे असले तर खालच्या घरांचा धूर वरच्या घरांच्या खिडक्यांतून आत शिरणार, हे उघड आहे. याशिवाय पावसाळ्यात खिडकीच्या लूव्हर्सना लावलेला प्लास्टिकचा कागद पुढे डिसेंबरपर्यंत तसाच राहतो. म्हणून ‘खिडकी उघडी ठेवू’ या आश्वासनावर मी कोणालाही हो म्हणत नाही. थंड पहाटे, लहान मूल अंघोळीला असताना ती खिडकी लावली जाणारच, आणि त्यात कोणाचा दोष नसतो.

परदेशी जाऊन आलेले काही जण विचारतात, की अमेरिकेत लोक धुरांडे नसलेली गॅसची शेकोटी थेट दिवाणखान्यात पेटवतात, मग आपल्याकडेच एवढी भीती का? तिथले नियम पाहिले की याचे उत्तर मिळते. तिथल्या राष्ट्रीय इंधनवायू संहितेनुसार बाथरूममध्ये धुरांडे नसलेला हीटर बसवायचाच असेल, तर त्याची क्षमता ताशी ६,००० बीटीयूपेक्षा (बीटीयू हे उष्णतेचे एकक), म्हणजे सुमारे पावणेदोन किलोवॉटपेक्षा जास्त असू शकत नाही. खोलीतला ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास घसरला की गॅस बंद करणारी यंत्रणाही त्यात असावी लागते. आपला गीझर १२ किलोवॉटचा आहे. तिथे दर १,००० बीटीयूमागे ५० घनफूट जागा लागते. हे प्रमाण आपल्या गीझरला लावले तर दोन हजारांहून अधिक घनफूट, म्हणजे नऊ फूट उंचीची सव्वादोनशे चौरस फुटांची खोली लागेल. आपल्या बाथरूमचे आकारमान २१६ घनफूट आहे. एवढ्या अटी असूनही कॅलिफोर्निया राज्याने घरात धुरांडे नसलेले गॅस हीटर वापरण्यास मनाई केली आहे.

आता बसवायचा कुठे, ते सांगते. ड्राय बाल्कनी किंवा स्वयंपाकघराबाहेरची उघडी गॅलरी सर्वांत चांगली. ती काचेच्या सरकत्या खिडक्यांनी बंद केलेली असेल, तर तिला उघडी जागा म्हणता येणार नाही. पावसाचे पाणी थेट पडणार नाही आणि जोराच्या वाऱ्याने ज्योत विझणार नाही, एवढा आडोसा हवा. बाथरूमच्या किंवा झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली गीझर लावू नये, कारण गरम वायू वर चढतात आणि पहिल्या उघड्या खिडकीतून आत येतात. तिथून बाथरूमपर्यंत गरम पाण्याचा पाइप न्यावा आणि त्याला उष्णतारोधक आवरण घालावे. सुरुवातीला थोडे गार पाणी येईल, ते बादलीत धरावे. यंत्र घरातच ठेवणे भाग असेल, तर ज्याची ज्वलनाची पेटी पूर्ण बंद असते आणि जो दुहेरी पाइपातून बाहेरचीच हवा घेऊन धूरही बाहेरच सोडतो, असाच गीझर घ्यावा. तो महाग आहे, पण त्याची ज्योत आपली हवा वापरत नाही.

पाइप गॅसचा गीझर आणि सिलिंडरचा गीझर ही दोन वेगळी यंत्रे आहेत, हेही खरेदीपूर्वी पाहावे. सिलिंडरच्या गॅसमध्ये त्याच आकारमानाच्या पाइप गॅसच्या अडीच ते तीन पट उष्णता असते, त्यामुळे दोन्हींच्या जेटची, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोट्यांची, छिद्रे वेगळी असतात. पाइप गॅससाठीचा गीझर सिलिंडरला जोडला तर ज्योत पिवळी होऊन काजळी धरते, आणि काजळीसोबत कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. पाइप गॅसचा जादा पॉइंट गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच काढून घ्यावा. तो नळकारागिराच्या हाती सोपवू नये. मुंबईच्या खाऱ्या हवेत बर्नर लवकर गंजतो, म्हणून वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्यापूर्वी, सर्व्हिसिंग करावे. ज्योत निळी असावी, हे खरे, पण ज्योत निळी दिसते म्हणून बाथरूममधला गीझर सुरक्षित ठरत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात असावा, असे माझे ठाम मत आहे. घेताना गॅसगळतीचा अलार्म घेऊन येऊ नका, ते वेगळे उपकरण आहे. युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेला अलार्म हवेत या वायूचे दशलक्ष भागांत ३०० भाग झाले तर तीन मिनिटांच्या आत वाजतो. तो बाथरूमच्या वाफेत लावू नये, दाराबाहेर लावावा. त्यातला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो, म्हणून मागे छापलेली मुदत पाहावी.

आत गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल, तर प्रथम बाहेरून गॅसचा व्हॉल्व्ह बंद करावा, दार तोडावे लागले तर तोडावे, श्वास रोखून त्याला ओढून मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर या वेळी बोटाला लावून निश्चिंत होऊ नका. कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालेच वाटते, त्यामुळे रुग्ण गंभीर असतानाही तो ९८ दाखवू शकतो. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, की बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता. त्यावरूनच त्यांना रक्ताची नेमकी तपासणी सुचते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तासाभरात किंवा थोड्या अधिक वेळात तेवढाच उतरतो. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तिला बरे वाटू लागले तरी रुग्णालय टाळू नये, कारण बाळाच्या रक्तात तो अधिक काळ टिकतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. गीझर आधीपासून आत लावलेला असतो आणि मालक भिंत फोडू देत नाही. त्यांनी शॉवर विसरावा. दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून, स्वतः बाहेर थांबून बादल्या भराव्यात, गीझर आणि त्याचा व्हॉल्व्ह बंद करावा, दार आणखी काही मिनिटे उघडेच ठेवावे आणि मगच अंघोळीला जावे. अंघोळ चालू असताना ‘अजून अर्धी बादली’ म्हणून आतून गीझर पुन्हा सुरू करू नये. घरातल्या प्रत्येकाकडून, विशेषतः पाहुण्यांकडून, हे पाळून घेणे कठीण आहे. म्हणून मालकाशी बोलून १५ लिटरचा विजेचा गीझर बसवता येतो का, ते आधी पाहावे. तो साधारण २ किलोवॉटचा असतो आणि त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र, अर्थिंग असलेला पॉइंट लागतो. जुन्या चाळीतली वायर तेवढा भार घेईल का, हे वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय तोही जोडू नये.