गप्प पडलेलं कुत्रं आणि शांत कुत्रं

‘कोलीच पाहिजे, पण शांत’ अशी मागणी घेऊन माझ्या जनावरांच्या दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या सांगलीत आता बऱ्यापैकी आहे. विश्रामबागेतलं हे कुटुंबही तसंच आलं. निवृत्त काका-काकू, काठी घेऊन चालणाऱ्या ऐंशी पार आजी आणि सुट्टीत येणारी सहा वर्षांची नात. आधी त्यांनी शुद्ध बॉर्डर कोलीचं, म्हणजे मेंढरं वळणाऱ्या विलायती जातीचं, पिल्लू घेतलं होतं. आठ महिन्यांचं झाल्यावर ते नात पळाली की तिच्याभोवती गोल फिरायचं आणि टाचेला दात लावायचं. शेवटी ते एका नातेवाइकाच्या शेतावर गेलं. आता त्यांना जतच्या बाजूच्या एका मेंढपाळाकडची ‘कोली आणि धनगरी’ मिसळ जातीचं कुत्रं हवं होतं. निवडायला मी बरोबर यावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्या पिल्लाचं काही बिघडलेलं नव्हतं. शिकारीत कुत्रा आधी नजर रोखतो, मग दबकत पुढे सरकतो, पाठलाग करतो, चावा घेतो. बॉर्डर कोलीत माणसानं निवड करकरून यातले पहिले तीन भाग ठळक केले आणि चावा दाबला. हलणारं काही दिसलं की ते यंत्र सुरू होतं, मग समोर मेंढी असो, सायकल असो की नात. धनगरांचा कुत्रा निराळ्या कामाचा. लांडग्याला हुसकायचं, रात्री वाड्याभोवती जागायचं, हे त्याचं काम. मेंढरांमागं धावणारा कुत्रा धनगराला नकोच असतो, गाभण मेंढी गाभडायची भीती असते. या दोघांच्या मिसळीत काय उतरेल हे पिल्लागणिक बदलतं आणि ते रंगावरून कळत नाही. काळं-पांढरं अंग आणि गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेलं पिल्लू स्वभावानं पूर्ण धनगरी निघू शकतं, किंवा उलटही.

म्हणून जायच्या आधीच ठरवलं, की पिल्लू न घेता वाढलेलं कुत्रं बघायचं. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला उताणं धरून किंवा टाळ्या वाजवून केलेल्या चाचण्यांवरून मोठेपणीचा स्वभाव सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे. दीड-दोन वर्षांचं जनावर मात्र जे आहे ते समोर दाखवतं. शहरातल्या लोकांना पिल्लाचाच सोस का असतो, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

मेंढपाळानं खतासाठी एका शेतात मेंढरं बसवली होती. माडग्याळी जात, पोपटासारखं वाकडं नाक, उंच पाय. वाघरीच्या जाळीत कोकरं, मोठी मेंढरं चरायला गेलेली. आम्ही मुद्दाम दुपारी उशिरा पोचलो, म्हणजे कुत्री निवांत असतानाही बघता येतील आणि मेंढरं परत येतानाही. गाडी लांब उभी केली. एक काळी-पांढरी कुत्री भुंकत समोर आली, चांगली छाती काढून. दुसरा, तिचाच दोन वर्षांचा भाऊ, लिंबाखाली पडून होता. त्यानं मान उचलून पाहिलं आणि परत ठेवली. तिसरा दहा महिन्यांचा, तांबूस, पालाच्या आडोशाला बसलेला. पाच आठवड्यांची पिल्लं टोपलीखाली होती.

काकूंनी तिथंच निकाल देऊन टाकला. “तो झाडाखालचा बघा किती शांत आहे. आणि ही भुंकणारी नको बाई.”

मी आधी झाडाखालच्याकडेच गेलो, कारण दोन वर्षांचा, धनगराच्या वाड्यावर वाढलेला कुत्रा अनोळखी माणसं आल्यावर उठत नाही, हे मला पटेना. निरोगी कुत्रा कितीही थंड असला तरी कान वळवतो, नाक हलवतो, निदान उठून जागा बदलतो. ओठ उचलून पाहिला. हिरड्या गुलाबी हव्यात, याच्या खडूसारख्या पांढऱ्या. अंगठ्यानं दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. इथं मुळात रंगच नव्हता. ताप १०४.४ अंश फॅरनहाइट, निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ च्या दरम्यान असतं. कानाच्या घडीत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात तपकिरी गोचिडी. पोटाच्या आतल्या बाजूच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. मेंढपाळाला विचारलं, नाकातून रक्त आलं होतं का? म्हणाला, “गेल्या आठवड्यात आल्तं थोडं. म्हटलं काटं लागलं आसल.”

जागेवरच रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला तेव्हा हिमोग्लोबिन ६.१ होतं, प्लेटलेट ३८ हजार. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. एर्लिकिया, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट गोचीड ताप म्हणतात तो. डॉक्सिसायक्लिन किलोला १० मिलिग्रॅम, २० किलोच्या कुत्र्याला रोज २०० मिलिग्रॅम, भाकरी खाल्ल्यावरच, आणि पूर्ण २८ दिवस. पाचव्या दिवशी कुत्रा उठून हिंडायला लागतो आणि माणसं गोळी बंद करतात. मग आजार आत दबून राहतो आणि काही महिन्यांनी अस्थिमज्जेवर येतो. तेव्हा फार काही करता येत नाही. मेंढपाळानं औषध पुरं केलं. तिसऱ्या आठवड्यानंतर तो ‘शांत’ कुत्रा कोंबड्या कोपऱ्यात कोंडायला आणि रस्त्यावरच्या मोटारसायकलींना दबा धरून बसायला लागला. कोली बापाचा सगळा गुण त्याच्यातच उतरला होता. तो तसाच विश्रामबागेत गेला असता, तर महिन्याभरात नातीची तीच तक्रार परत आली असती.

तांबूस पोराबद्दल मेंढपाळ म्हणाला, “लई गरीब हाय.” शेपूट पोटाखाली, ओठ सारखे चाटतोय, नजर चुकवताना डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. हातातली भाकरी घेतली नाही. जमिनीवर टाकली तरी नाही. आम्ही वीसेक पावलं मागं सरल्यावर मात्र उचलून खाल्ली. भुकेला कुत्रा समोरचं अन्न सोडतो तेव्हा भीती भुकेपेक्षा मोठी झालेली असते. असा कुत्रा मोकळ्या रानात पळून जातो आणि कुणाला त्रास देत नाही. बंगल्याच्या बोळात त्याला पळायला जागा मिळाली नाही की तो चावतो. माझ्याकडे चाव्याच्या ज्या केसेस येतात, त्यांत असे ‘गरीब’ बरेच असतात.

राहिली भुंकणारी. तिला बघण्यात वेळ घालवला. मालकानं एकदा ‘गप’ म्हटल्यावर ती थांबली, हे मी गाडीतून उतरतानाच पाहिलं होतं. भुंकताना शेपूट ताठ होती, थांबल्यावर खाली आली आणि सैल हलायला लागली. पायाशी येऊन हुंगलं आणि बाजूला जाऊन एका कुल्ल्यावर बसली. कुत्रं उत्तेजित होतं की नाही यापेक्षा किती लवकर खाली येतं, हे मी बघतो.

मग स्टीलचं ताट दहा फुटांवर कमरेच्या उंचीवरून टाकलं. दचकली, दोन पावलं मागं, आणि सहा-सात सेकंदांत हुंगायला परत आली. मिनिटभर लांबच राहिली असती तर मी नको म्हटलं असतं. आजींसाठी काठीची परीक्षा महत्त्वाची होती. काठी हळू उचलली, टेकवली, तिच्या बाजूनं चाललो. कान जरा मागं गेले, पण ती दबली नाही, मुतली नाही. काठीनं मार खाल्लेलं कुत्रं इथं लगेच कळतं. खाताना तिच्या भांड्यात हात घातला नाही, कुणी घालूही नये. सहा फुटांवरून आणखी एक तुकडा टाकला आणि अंग ताठ होतं का तेवढं पाहिलं.

शेवटी तिला साखळीला बांधून मेंढपाळाच्या मुलाला दोरीला बारदानाचा तुकडा बांधून समोरून पळायला लावलं. कोलीचा अंश जोरात असेल तर डोकं खांद्याखाली जातं, एक पुढचा पाय अधांतरी राहतो, नजर खिळते आणि हाक ऐकू येत नाही. हिनं पाहिलं, दोन पावलं टाकली, हाक मारल्यावर मान वळवली. थोड्या वेळानं मेंढरं परत आली. धुरळा, घंटा, कोकरांचा गलका. ही उठून वाघरीच्या बाहेरच्या अंगाला गेली आणि मेंढरांकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून पडली. तेवढ्यावर माझं मत पक्कं झालं.

मेंढपाळाची बायको हसायला लागली. “ती न्हाय ओ कामाची. रात्री भुकती तेवढंच, दिवसभर पडून ऱ्हाती.” रानातल्या कुत्र्यांतून सोबतीचं निवडायचं असेल तर मालकाची ही तक्रार कान देऊन ऐकावी. जे कामाला आळशी, तेच घरात निभतं. मात्र आधी हिरड्या बघून.

महिनाभरात जमलं नाही तर परत आणायची, हे दोन्ही बाजूंनी तोंडी ठरलं. नेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या सांगितल्या. पहिली आयव्हरमेक्टिनची. मेंढरांना द्यायचं एक टक्क्याचं इंजेक्शन वाड्यावर असतंच, त्यात एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असतं. ५० किलो वजनाच्या मेंढीचा डोस एक मिलिलिटर. तेवढंच गोचिडीसाठी १८ किलोच्या कुत्र्याला टोचलं तर किलोला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर जातं. कोलीवर्गीय कुत्र्यांत एमडीआर-१ नावाचा आनुवंशिक दोष असतो. तो असला की हे औषध मेंदूत शिरतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, लाळ गळते, तोल जातो, कुत्रं बेशुद्ध पडतं. बॉर्डर कोलीत हा दोष रफ कोली या भाऊबंद जातीच्या मानानं फारच कमी आढळतो आणि आई-बापांपैकी एकाकडूनच आला तर परिणाम सौम्य असतो. तरी गालाच्या आतल्या स्वॅबची तपासणी होईपर्यंत तो आहे असंच धरून चालायचं. याच कारणानं जुलाबावरची लोपरामाइडची गोळीही घरातल्या डब्यातून द्यायची नाही. गोचिडीसाठी फ्लुरालानेरची गोळी बारा आठवड्यांना एक.

दुसरी गोष्ट पट्टकृमीची. वाड्यावर मेंढरू कापलं की कच्चं काळीज, फुफ्फुस कुत्र्यापुढं जातं. त्यातल्या गाठींतून हायडॅटिडचा जंत कुत्र्याच्या आतड्यात येतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुफ्फुसात गाठ होते. म्हणून घरात घेण्याआधी प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध किलोला ५ मिलिग्रॅम, आणि पुढचे काही दिवस विष्ठा खोल पुरायची. नातीला तोवर लांबच ठेवायचं. रेबीजची लस लगेच, बाकीच्या लसीचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, पिल्लं न होण्याची शस्त्रक्रिया त्यानंतर.

घरी आल्यावर चेंडू फेकून दमवायची नाही, कारण पाठलागाची सवय वाढवून शांतता मिळत नाही. सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी अर्धा-पाऊण तास दोरी सैल ठेवून हुंगत हुंगत फिरवायचं. आत एक चटई, त्यावर पडली की भाकरीचा तुकडा. नात पळाली आणि कुत्री मागं लागली तर नातीनं ओरडायचं नाही, जागच्या जागी उभं राहून हात छातीशी घ्यायचे.

एक अडचण आलीच. रात्री दोन वाजता ती फाटकाशी उभी राहून भुंकायची, शेजाऱ्यांचा फोन काकांना. फाटकाच्या सळ्यांतून दिसणारा रस्ता हीच तिची राखण. फाटकाला आतून पत्रा मारला, चटई व्हरांड्यातून आतल्या पॅसेजमध्ये, आजींच्या खोलीच्या दाराबाहेर हलवली. दहाबारा दिवसांत रात्रीचं भुंकणं दूधवाल्यापुरतं उरलं, आणि दूधवाल्याची तक्रार नाही.