तुम्ही विचारलंत म्हणून: कुपनांची सुरुवात वहीपासून

"किराण्यात कुपनं वापरून पैसे वाचवायचे आहेत, सुरुवात कुठून करू? कुठलं ॲप घेऊ?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदाच सविस्तर उत्तर दिलेलं बरं. ॲपचं शेवटी बघू. पहिला महिना एकही कुपन वापरू नका. त्याऐवजी एक वही घाला.

घरात दर महिन्याला लागतातच अशा वीस-पंचवीस वस्तू तिच्यात लिहा: तेल, साखर, चहा, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, टूथपेस्ट. प्रत्येकीपुढे तारीख, दुकान, वजन, मोजलेली किंमत आणि शेवटच्या रकान्यात शंभर ग्रॅमला (किंवा मिलिलिटरला) पडलेला दर. बाकीचे रकाने राहिले तरी चालेल, हा शेवटचा चुकवायचा नाही. 400 ग्रॅमचं पाकीट 96ला आणि 340 ग्रॅमचं 85ला असेल, तर हात आपसूक 85कडे जातो. दर काढला की पहिलं 24ला पडतं, दुसरं 25ला. पाकिटाचा आकार तोच ठेवून आतला माल कमी करण्याची युक्तीही या एका रकान्यात पकडली जाते, एरवी ती लक्षात येत नाही.

आणखी एक सवय लावा. पाकीट फोडलं की त्यावर पेनाने तारीख टाका. ते किती दिवस पुरलं हे संपल्यावर कळेल. हा आकडा पुढे साठा करताना लागणार आहे.

आता कुपनांकडे. ती मुख्यतः दोन जातींची असतात. एक कंपनीचं: दुकानदार तुम्हाला सूट देतो आणि ती रक्कम नंतर कंपनीकडून वसूल करतो. दुसरं दुकानाचं: ती सूट दुकान स्वतःच्या नफ्यातून देतं. दोन्हींचे खिसे वेगळे असल्यामुळे काही ठिकाणी एकाच वस्तूवर कंपनीचं एक आणि दुकानाचं एक अशी दोन्ही चालतात. कंपनीची दोन मात्र एका वस्तूवर जवळपास कुठेच चालत नाहीत. हे दुकानाच्या नियमांत लिहिलेलं असतं. काउंटरवर मागे रांग ताटकळत असताना विचारण्यापेक्षा आधी वाचलेलं चांगलं.

बारीक अक्षरांतल्या दोन ओळी दिसायला सारख्या, पण अर्थाने फार लांबच्या आहेत. 'एका वस्तूस एक कुपन' असेल तर चार साबणांना चार कुपनं लागू होतात. 'एका बिलास एक कुपन' असेल तर चार साबण घ्या की चाळीस, सूट एकदाच.

हिशेबात नवखे सर्वांत जास्त फसतात, म्हणून इथे जरा थांबू या. ठरावीक रकमेचं कुपन बहुतेक वेळा लहान पाकिटावर जास्त फायद्याचं असतं. समजा 15 सुटीचं कुपन आहे. शंभर ग्रॅमचं पाकीट 30ला, पाचशे ग्रॅमचं 125ला. कुपनाशिवाय मोठं पाकीट स्वस्त: शंभर ग्रॅमला 25. कुपन लावलं की लहानाचा दर 15वर येतो, मोठ्याचा जेमतेम 22वर. कंपन्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणून कुपनावर बऱ्याचदा किमान वजनाची अट छापलेली असते. ती नसेल तर लहान पाकीटच उचला.

टक्क्यांच्या कुपनात 'कमाल सवलत' आधी शोधा. 20 टक्के सूट, कमाल 100, म्हणजे 500च्या बिलावर पूर्ण फायदा मिळतो. बिल 800 झालं की तीच सूट साडेबारा टक्क्यांवर येते. अशा वेळी वरचं सामान वेगळ्या बिलात, दुसऱ्या दिवशी घेतलेलं परवडतं. 20 टक्क्यांवर आणखी 10 टक्के म्हणजे 30 नव्हे, 28. दुसरी सूट आधीच कमी झालेल्या रकमेवर बसते. 'एकावर एक मोफत' म्हणजे निम्मी किंमत, तीही दोन्ही पाकिटं खरंच वापरली गेली तर. 'दोनावर एक' म्हणजे 33 टक्के. आणि '25 टक्के जास्त' हे वाचायला दणदणीत, प्रत्यक्षात दर 20 टक्केच उतरतो.

किमान खरेदीची अट हा सापळा आहे, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. 500च्या खरेदीवर 60 सूट, आणि तुमची पिशवी 420ची. 80ची एक वस्तू घातली की बिल 440, म्हणजे ती वस्तू तुम्हाला 20ला पडली. ती पुढच्या आठवड्याच्या यादीतलीच असेल तर झकास सौदा. यादीत नसेल तर 20 गेले आणि कपाटातली जागाही गेली. एक खाच मात्र ध्यानात ठेवा: काही दुकानं ही 500ची रेषा बाकीच्या सवलती वजा करून मोजतात. मूळ बेरीज 520, सवलतीनंतर 470, आणि कुपन नाकारलं जातं. रेषेच्या थोडं पुढे राहिलेलं बरं.

कुपन नाकारलं जाण्याचं सर्वांत नेहमीचं कारण याहून साधं असतं: वस्तू चुकीची. कुपन 500 ग्रॅमचं, हातात 450चं; कुपन एका सुगंधाचं, पिशवीत दुसरा. माणसाला दोन्ही सारखेच वाटतात, यंत्र बारकोड बघतं. डिजिटल कुपनात वेगळी गडबड होते. ते बिल करण्याआधी चालू करावं लागतं. पैसे भरल्यावर आठवलं तर बहुधा काही करता येत नाही. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर काउंटरवर सांगायचा राहिला तरी तेच. म्हणून पैसे देण्याआधी पडद्यावर सुटीची ओळ दिसली का ते बघा. दुकानात नेट मिळेलच असं नाही, तेव्हा कुपन घरूनच चालू करून निघा.

माल परत करतानाही हिशेब बदलतो. परतावा सूट वजा करून मिळतो, आणि उरलेली खरेदी किमान अटीच्या खाली गेली तर पूर्ण सूट कापून घेतली जाऊ शकते.

मोठी बचत होते ती कुपन जपून ठेवण्यात. हातात पडल्या दिवशी ते वापरायची घाई करू नका. बऱ्याच वस्तूंचे भाव अधूनमधून उतरतात, आणि किती अंतराने उतरतात ते दोन-तीन महिन्यांत वहीत दिसू लागतं. उतरलेल्या भावावर कुपन लावलं की खरा फायदा. त्यासाठी कुपनं वस्तूंप्रमाणे न लावता शेवटच्या तारखेप्रमाणे लावा, जवळची तारीख सर्वांत वर. पन्नासच्या आत कुपनं असतील तर एक पाकीट पुरतं. फायली आणि रंगीत कप्पे ही हौस आहे, गरज नाही.

भाव उतरल्यावर किती घ्यायचं, याचं उत्तर पाकिटावर टाकलेल्या तारखांत आहे. किलोभर पावडर 24 दिवस पुरते, तर 90 दिवसांना पावणेचार किलो लागते. म्हणजे चार पाकिटं. कुपनं सहा असली तरी चारच. साबण, पावडर, टूथपेस्ट यांचा तीन महिन्यांचा साठा ठीक. तेल फार दिवस राहिलं की खवट होतं आणि चहाचा वास उडतो, त्यांना महिना-दीड महिनाच. नवं पाकीट मागे, जुनं पुढे.

कॅशबॅकला सूट समजू नका. आज पूर्ण पैसे जातात. परत येणारे बऱ्याचदा त्याच दुकानात, ठरावीक मुदतीत खर्च करावे लागतात. ते प्रत्यक्ष वापराल त्या दिवशी वहीत लिहा, आधी नाही. क्रेडिट कार्डावरच्या सवलतींचंही तसंच: बिल मुदतीत पूर्ण भरणार नसाल तर व्याज सूट गिळून टाकतं.

बिलाखालचं 'आज तुम्ही इतके वाचवले' हे वाक्य मनावर घेऊ नका. तो फरक दुकानाने ठरवलेल्या किमतीशी केलेला असतो. तुमचा फरक वहीतल्या नेहमीच्या दराशी काढायचा, आणि तोही यादीतल्या वस्तूंपुरताच. कुपनासाठी ब्रँड बदलायला हरकत नाही, पण आधी एकच पाकीट आणा. कुपन मुळात त्यासाठीच असतं: नवी वस्तू एकदा घरात शिरावी म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोका-कोलाने ग्लासभर पेय फुकट देणारी कुपनं वाटली तीही चटक लागावी म्हणूनच. यामुळेच कुपनं बहुतांशी ब्रँडच्या, पॅकबंद मालावर निघतात. सुटं धान्य आणि भाजी यांच्या वाट्याला ती क्वचितच येतात. तुमच्या बिलात सुटा मालच जास्त असेल तर या खटाटोपातून फार अपेक्षा ठेवू नका.

कुपन विकत घेऊ नका, झेरॉक्स काढून वापरू नका. 'हा संदेश दहा जणांना पाठवा, मग कुपन मिळेल' किंवा ओटीपी मागणारं कुपन हे कुपन नव्हेच.

आता ॲप. महिन्याअखेर वही उघडून बघा, सर्वांत जास्त पैसे कुठल्या दुकानात गेले. त्याच दुकानाचं ॲप घ्या, एकच. खातं उघडायला वेगळा ईमेल वापरा आणि सूचना बंद ठेवा. यादी लिहून झाली की ते उघडायचं, आधी नाही.