तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी साइटला फॉन्ट साइज किती ठेवायची?

मोबाईलवर किती, लॅपटॉपवर किती, हेडिंगला किती, बाकी काही नको फक्त आकडे सांग. वेबसाइटची कामं करायला लागल्यापासून हा प्रश्न मला सतत येतो. आकडे सांगते, पण आधी एक शब्द टाइप करून बघा: मूर्तींना. त्यातलं "र्तीं" बघा, दीर्घ वेलांटी, तिच्यावर रफार आणि त्याला खेटून अनुस्वार, तिघंही शिरोरेषेच्या वरच्या एवढ्याशा जागेत. आता हाच शब्द मोबाईलवर १३ पिक्सेलला टाका आणि रफार कुठे संपतो, अनुस्वार कुठे सुरू होतो ते सांगा. मी मराठी मजकुराची साइज आधी अशा अक्षरावरून ठरवते, स्क्रीनचा विचार नंतर.

ब्राउझरची मूळ साइज १६ पिक्सेल असते आणि इंग्रजीला ती पुरते. देवनागरीत तेवढ्याच उंचीत वर मात्रा-वेलांट्या, मध्ये अक्षर, खाली उकार असे तीन मजले चढवायचे असतात, मग मधल्या मजल्याच्या वाट्याला जागा कमी येते आणि तेच १६ आपल्याला बारीक वाटतात. म्हणून मोबाईलवर मुख्य मजकूर १८ आणि मोठ्या स्क्रीनवर २०, एवढंच. त्यात फार फरक ठेवायची गरज नाही, लॅपटॉप डोळ्यांपासून थोडा लांब असतो म्हणून ते दोन पिक्सेल जास्त. तारीख, फोटोखालची ओळ वगैरे १६ च्या खाली नेत नाही. फॉन्ट बदलला तर मात्र पुन्हा मापून बघायचं. मी बऱ्याचदा मुक्ता हा फॉन्ट वापरते, मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला, त्यात बारीकपासून जाडपर्यंत ७ वजनं मिळतात, पण लहान मजकुराला त्यातली एकदम बारीक वजनं घेऊ नका, उभ्या रेघा फिक्या पडतात.

हे सगळं मी एका पतसंस्थेच्या साइटवर शिकले. इंग्रजी टेम्प्लेट घेतलं, त्यात मराठी मजकूर भरला, ठेवींच्या व्याजदराच्या तक्त्याला १२ पिक्सेल दिले कारण मोबाईलवर चार कॉलम बसवायचे होते, आणि मांडणी विस्कटू नये म्हणून दोन बोटांनी झूम करायची सोयही बंद करून टाकली. साइट सुरू झाली त्या दिवशी शाखेत एक आजोबा फोन लांब धरत होते, जवळ आणत होते, बोटांनी ताणत होते आणि स्क्रीन जागची हलत नव्हती. शेवटी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाळ, हे ८.१ आहे का ८.९?" मराठी १ आणि ९ लहान साइजला किती सारखे दिसतात ते मला तेव्हा कळलं, आणि त्यांच्यासाठी तो पैशाचा प्रश्न होता. झूम मी त्याच रात्री चालू केलं. आता चार कॉलम बसत नसतील तर मोबाईलवर तक्ता मोडून ओळी एकाखाली एक मांडते, अक्षर बारीक करत नाही.

आणि हे आकडे पिक्सेलमध्ये लिहू नका, रेममध्ये लिहा, १ रेम म्हणजे ब्राउझरची मूळ साइज, एरवी १६ पिक्सेल. बरेच लोक, विशेषतः चाळिशीनंतर, क्रोमच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून ठेवतात, तिथे "मोठं" निवडलं की १६ चे २० होतात आणि "खूप मोठं" निवडलं की २४. तुम्ही पिक्सेल ठोकून दिलेत तर त्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांसाठी केलेली निवड तुमच्या साइटवर चालतच नाही, रेम असेल तर सगळं त्या हिशेबाने वाढतं. १८ म्हणजे १.१२५ रेम, २० म्हणजे १.२५.

हेडिंगला मात्र स्क्रीनप्रमाणे वाढू द्यायचं, त्यासाठी सीएसएसमधलं, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या भाषेतलं, क्लॅम्प. त्याला तीन गोष्टी द्यायच्या, कमीत कमी, मधलं वाढतं माप, जास्तीत जास्त. समजा ३६० पिक्सेलच्या फोनवर हेडिंग २८ हवंय आणि १२८० च्या स्क्रीनवर ४४, तर रुंदी वाढली ९२० ने, अक्षर वाढलं १६ ने, म्हणजे रुंदीच्या साधारण १.७४ टक्के, ते झालं १.७४ व्हीडब्ल्यू, कारण १ व्हीडब्ल्यू म्हणजे स्क्रीनच्या रुंदीचा एक टक्का. ३६० वर याचे साधारण ६.२६ पिक्सेल होतात, २८ मधून वजा केले की २१.७४ उरले, म्हणजे १.३६ रेम. झालं, किमान १.७५ रेम, मधलं १.३६ रेम अधिक १.७४ व्हीडब्ल्यू, कमाल २.७५ रेम. मधल्या मापात नुसतं व्हीडब्ल्यू टाकायचा मोह होतो, तो टाळा, कारण नुसत्या व्हीडब्ल्यूचं अक्षर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये झूम केलं तरी मोठं होत नाही.

यातले किमान २८ आले कुठून? तर सगळ्यात लांब शब्दावरून. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, इंग्रजीत जिथे तीन सुटे शब्द असतील तिथे आपल्याकडे "विद्यार्थ्यांसाठीच्या" किंवा "जिल्हाधिकाऱ्यांच्या" असा एकच शब्द होतो आणि तो मध्ये तोडता येत नाही. ३६० च्या फोनवर दोन्ही बाजूंना १६-१६ सोडले की ३२८ उरतात, त्यात तो शब्द अख्खा मावला पाहिजे. मी हेडिंगमध्ये मुद्दाम असेच शब्द टाकून बघते, आधी ३६० ला, मग ३२० ला, आणि मावत नसेल तर किमान माप खाली आणते.

साइजबरोबर ओळींमधलं अंतरही ठरवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर बसतो. मजकुराला अक्षराच्या साइजच्या १.७ पट, हेडिंगला १.३५ च्या आसपास, आणि तेही एकक न लावता, म्हणजे अक्षर वाढलं की अंतर आपोआप वाढतं. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये हेडिंगला बऱ्याचदा १.१ च्या आसपास असतं, ते आधी काढा. तिथेच खाली बऱ्याचदा लेटर स्पेसिंगपण, म्हणजे अक्षरांमधलं जास्तीचं अंतर, दिलेलं असतं, तेही शून्य करा, नाहीतर शिरोरेषा अक्षराअक्षरांत तुटते.