मे महिन्यात नाथसागरावर गळ टाकताना
मे महिन्यात नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, मागं सरकतो. काठालगतचं पाणी दिवसा तापतं, म्हणून रोहू दिवसभर खोलात असतो. गळ टाकायचा तो तांबडं फुटताना. मासेमारीची परवानगी मात्र आधी विचारून घ्या.

आमिषाला दोन वाट्या कणीक, एक वाटी शेंगदाण्याची पेंड. पाणी चमच्यानंच घाला. गोळा बोटाला चिकटला तर सैल झाला, दाबल्यावर भेगाळला तर कोरडा. सैल गोळा फेकतानाच सुटतो अन् माणूस रिकाम्या गळावर वाट बघत बसतो. गोळा लावताना गळाचं टोक जरासं उघडं ठेवा. दोरीला थोडी ढील हवीच. रोहू आधी नुसता चाखतो, ओढ जाणवली की सोडतो. दोरीवरचा तरंगा तिरपा सरकत बुडाला की झटका द्या.

अन् काठावरचा वाळलेला गाळ खाली ओलाच असतो, गुडघाभर पाय रुततो. काठी टेकूनच उतरा.