टिकली लावलेले तीन ग्लास

व्हिस्कीची मागची चाखणी फुकट गेली होती. जेवणात लसणाची चटणी हाणून बसलो होतो, त्यामुळे तिन्ही ग्लासांत लसूणच. या वेळी जेवणाआधी, संध्याकाळी सहाला बसलो.

तिन्ही बाटल्या आयलाच्या. (स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या या बेटाचा उच्चार असाच आहे. पहिल्या घोटाला तोंडातून तेच निघतं, त्याला मी काय करू?) लॅगाव्हुलिन १६ आणि कल ईला १२, दोन्हींत अल्कोहोल ४३ टक्के, आर्डबेग १० मध्ये मात्र ४६ (नावापुढचा आकडा पिंपात मुरल्याच्या वर्षांचा). बायकोने आत जाऊन प्रत्येकी १५ मिली ओतलं आणि ग्लासांच्या बुडाला टिकल्या चिकटवल्या. रंगावरून कळू नये म्हणून दिवा बारीक केला.

लाल टिकली: आजोळच्या बंबाचा धूर, मागे खजूर, भिजवलेले मनुके. धूर घशात बराच वेळ रेंगाळतो. हिरवी: लिंबाची साल, मिरी, थोडं डांबर, धूर आहे, पण झणझणीत आणि चपळ. काळी: विझत आलेली शेगडी, खारा वारा, अंगाने हलकी.

लाल म्हणजे आर्डबेग, असं मी छातीठोक सांगितलं. तिच्या माल्टमधलं (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातलं) फिनॉलचं, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या रसायनाचं प्रमाण दहा लाख भागांत साधारण ५० ते ५५, लॅगाव्हुलिनचं ३५च्या आसपास. मग सगळ्यात दाट धूर तिचाच असणार ना? लाल निघाली लॅगाव्हुलिन. हिरवी आर्डबेग. दिवा मोठा केला तर हिरवीतली व्हिस्की पाण्याच्या चार थेंबांनी गढुळलेली. ती थंड करून गाळत नाहीत, म्हणून पाण्याने गढुळते, हे मला पाठ आहे. अंधाराने घात केला.

चूक कुठे झाली ते नंतर उमगलं. तो आकडा पिटाच्या (दलदलीतल्या कुजक्या झाडोऱ्याचं जळण) धुरात वाळवलेल्या माल्टचा असतो, ग्लासातल्या व्हिस्कीचा नाही. मधे दारू गाळायची भट्टी आहे. आर्डबेगच्या दुसऱ्या भट्टीच्या नळीला प्युरिफायर जोडलेला आहे; जड वाफ तिथे थिजून परत भांड्यात उतरते, म्हणून तो लिंबाचा टवका.

खरी मजा उरलेल्या दोघींत, लॅगाव्हुलिन आणि कल ईलात आहे. मालक एकच, धुरावलेलं माल्टही पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून येतं. पण कल ईलाच्या भट्ट्या मोठ्या आणि त्या बऱ्याच रिकाम्या ठेवून चालवतात, त्यामुळे वाफेला तांब्याचा सहवास जास्त मिळतो आणि दारू हलकी उतरते. लॅगाव्हुलिनच्या बुटक्या, गोलमटोल भट्ट्या काठोकाठ भरतात, नळ्याही तीव्र उताराच्या. जडपणा तसाच पिंपात जातो. खजूर-मनुके पिंपाचे आणि सोळा वर्षांचे, असा माझा अंदाज.

आता हाच खेळ लफ्रॉइग १० घेऊन. टिकल्यांचं पाकीट संपत आलंय, त्यावरून बोलणी खाल्लीत.