एंजल्स लँडिंग: साखळीचा शेवटचा टप्पा

आज एंजल्स लँडिंग, म्हणजे अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कमधल्या उंच कड्यावरचा ट्रेक. ग्रोटो स्टॉपला पार्कची शटल बस सोडली की जाऊन-येऊन साधारण 8.7 किमी, चढ 450 मीटरच्या आसपास. रेफ्रिजरेटर कॅन्यनची सावली संपली की वॉल्टर्स विगल्सची 21 वळणं. इथे घाई केलीत तर वर पाय लटपटणार, आणि लटपटते पाय साखळीवर (वरच्या अरुंद कड्यावर धरायला खडकात ठोकलेली लोखंडी साखळी) अजिबात नकोत.

स्काउट लुकआउटच्या (साखळीच्या अलीकडची थांबायची जागा) पुढे परमिट लागतं (एप्रिल 2022 पासून). लॉटरी असते, आदल्या दिवशी दुपारी 3 पर्यंतही अर्ज चालतो.

आता शेवटचे 800 मीटर. दोन्ही बाजूंना दरी. साखळी तोल सांभाळायला असते, लोंबकळायला नव्हे. वजन पायांवरच ठेवा. वालुकाश्म बुटांनी घासून गुळगुळीत झालाय, त्यावर बारीक वाळू, म्हणून पाय सटकतो तो बहुतेक उतरताना. जिथे उभा उतार आहे तिथे खडकाकडे तोंड करून उतरा. काठ्या सॅकमध्ये. समोरून कुणी आलं तर रुंद जागी थांबायचं. साखळी सोडून बाहेरून ओलांडणं हा शुद्ध वेडेपणा.

माणशी 3 लिटर पाणी खालूनच भरून घ्या. ढग गडगडले तर लुकआउटवरूनच मागे फिरा. आणि हो, वरच्या खारींना शेंगदाणे देऊ नका, त्या सॅकची चेन उघडायला शिकल्यात!